वैशाखात मुरवलेल्या बाटल्या

ये गं, जरा जवळ सरक. तू तिकडं बंगलोरात, मी इथं रायपुरात, ब्राह्मणपाऱ्यात, तरी म्हणते जवळ ये. हे कागद डोळ्याजवळ धर आणि तो मोबाइल उलटा ठेव. आणि आधी मले हे सांग, फोनवर "आजी, कैसी हो" विचारतेस आणि माझं उत्तर संपायच्या आत "चलो, रखती हूँ" म्हणतेस, हे काहून? दिवाळीपासून हेच करून राहिलीस. मी काय चावते? लहानपणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून तास तास "उवा बघ" म्हणायचीस, डोक्यात एक ऊ नसायची तरी.

मले माहीत आहे काहून ते. तुझ्या बापानं तुले सांगितलं की आजी डोक्यानं खिसकली. तिनं आजोबांनी जन्मभर जमवलेली वाईन नासवली, आणि वरून बाटली घेऊन पोटच्या पोरावर धावली. खरं आहे, बाई. दोन्ही खरं आहे. पण ते गोष्टीचं शेपूट आहे. मी तुले मराठी वाचायला शिकवलं ते काय उगीच? पूर्ण वाच, आणि मग तू ठरव या म्हातारीकडे यायचं की नाही. मले दुसरं काही नको. तू यावंस, एवढंच पाहिजे.

तुझे आजोबा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते, हे तुले माहीत आहे. तिथं मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आला होता. जाताना त्यानं यांना एक वाईनची बाटली दिली आणि तासभर बसून तिचं कौतुक सांगितलं. तेव्हापासून यांना नाद लागला. मुंबईला गेले की एक, दिल्लीला गेले की दोन, कोणाचा जावई परदेशातून यायचा असला की त्याच्या मागं लागून एक. जिन्याखालच्या खोलीत कारखान्यातल्या वेल्डरकडून लोखंडी घोड्या करून घेतल्या आणि त्यावर बाटल्या आडव्या ठेवल्या, लेकरं निजवावी तशा. दाराला कुलूप. किल्ली जानव्याले बांधलेली.

सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी विचारलं, "काय रे हे?"

"द्राक्षासव आहे, आई."

"एवढं?"

"कारखान्यात वाटतात सगळ्यांना. अशक्तपणावर."

झालं! सासूबाई रोज जेवण झालं की दोन चमचे मागायच्या. एक बाटली यांना आईसाठी उघडावीच लागली. म्हातारी महिनाभर छान झोपली. चव कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, "तुरट आहे गं, पण गुणाचं आहे." यांच्या हातानं या घरात उघडलेली ती एकच बाटली. स्वतः यांनी कधी घोट घेतला नाही. जमवायच्या, पुसायच्या, पाहुण्यांना दाखवायच्या, आणि कुलूप.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती तुले कोणी सांगितली नाही.

लोकं म्हणतात, माणूस पितो म्हणून मारतो. तुझे आजोबा महिन्यातून एखाद वेळी मित्रासोबत व्हिस्की घ्यायचे, आणि घेतली की गाणी म्हणायचे, माझ्या मागं मागं फिरायचे. मारायचे ते चहा पिऊन. शुद्धीत. अंघोळ करून, संध्या करून, कपाळाला गंध लावून. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही, तू नेहमी उजवीकडे येऊन बसतेस, तुले वाटते म्हातारपण आहे. नाही गं. कढीले फोडणी उशिरा दिली होती, त्याची ती थप्पड आहे. थप्पड मारून ते ताटावर बसले आणि कढी दोनदा मागून घेतली. पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाची खूण आहे, ती तू पाहिली आहेस, मी तुले म्हटलं होतं चुलीचा चटका. एकदा केसाला धरून माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, आणि चौकटीचा रंग उडाला म्हणून पुन्हा आपटलं. शेजारी विचारायचे, "क्या हुआ भाभी?" मी म्हणायची, जिन्यावरून पडले. आमच्या जिन्याची सगळ्या पाऱ्यात, मोहल्लाभर बदनामी झाली होती. लोकं आमच्याकडे येताना कठडा धरून चढायचे.

तुझ्या बापाले यातलं काही माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तो बाहेर शिकायला गेला तेव्हा हे सगळं वाढलं. घरात बघणारं कोणी उरलं नाही, सासूबाई तर तोंड भिंतीकडे करून जपमाळ ओढायच्या.

तर बाटल्या. पाहुणे आले की हे खोली उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "ही अजून मुरली नाही. मुरायला वेळ लागतो. जितकी मुरेल तितकी चांगली." मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मुरली नाही, मुरायला पाहिजे, मुरू द्या. आता तूच सांग, आपल्या घरात काय मुरते? लिंबाचं लोणचं मुरते, साखरांबा मुरते. आणि मुरवतो कुठं? उन्हात! बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि गच्चीवर ठेवून द्यायची. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. द्राक्षाचं काहीतरी आहे, मुरायला पाहिजे, आणि हे तर ते जिन्याखाली अंधारात ठेवून वाट पाहून राहिले. मले वाटलं, पुरुषाले काय कळते यातलं.

एका वर्षी वैशाखात एक दिवस हे किल्ली विसरून कारखान्यात गेले. नवं जानवं घातलं होतं, जुन्याची किल्ली खुंटीलाच राहिली. मी म्हटलं, चला, आज यांना खूश करू. देवाशपथ सांगते, मनात दुसरं काही नव्हतं. मार थोडा कमी व्हावा, एवढंच असेल तर असेल. टोपलीत घालून घालून सगळ्या बाटल्या वर नेल्या. कुरडया वाळत होत्या, लोणच्याच्या बरण्या होत्या, त्यांच्या बाजूला एका ओळीनं उभ्या केल्या आणि वरून माझं जुनं पातळ पांघरलं. काच तापून इतकी चमकत होती, काय सांगू! मले तर फार छान वाटलं.

दोनच्या सुमारास हे घरी आले. भट्टी बंद पडली होती, म्हणून लवकर. जिन्याखालचं दार उघडं पाहिलं आणि वर आले.

एक एक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खाली नेली. लेकराले ताप आला की नेतो ना आपण, तशी. मी मदत करायला गेले तर म्हणाले, "हात लावू नको." सगळ्या नेऊन झाल्यावर पुन्हा वर आले आणि म्हणाले, "चप्पल काढ."

मी काढली.

"किती वाजता ठेवल्या होत्या?"

"अकराले."

"म्हणजे तीन तास. उभी राहा."

रायपूरचा वैशाख, दुपारचे दोन, सिमेंटची गच्ची. तू इथं मे महिन्यात चिमणीसारखी उड्या मारत गच्ची पार करायचीस, आठवते? मी उभी राहिले. पाय उचलला की हे दारातून म्हणायचे, "खाली." स्वतः सावलीत खुर्ची घेऊन बसले होते. आणि मधून मधून शिकवत होते, "उन्हानं वाईन मरते. उकळते आतल्या आत. म्हण."

"उन्हानं वाईन मरते."

"पुन्हा."

"उन्हानं वाईन मरते."

शाळा सुटल्यावर पाठ केलेला माझा तो पहिला धडा.

शेजारची दीदी, तीच, तुले चिला, आपलं धिरडं, करून घालते ती, आम्ही दोघी एकमेकींना दीदीच म्हणतो, तर ती तिच्या गच्चीवर बडी, आपले सांडगे, वाळवायला आली. तिनं पाहिलं. पायातल्या स्वतःच्या रबरी चपला काढल्या आणि मधल्या गल्लीवरून आमच्या गच्चीवर फेकल्या. "पहिर ले दीदी!" एवढंच ओरडली. एक चप्पल माझ्या पायाशी पडली. मी वाकायच्या आत यांनी येऊन ती लाथेनं गल्लीत उडवली, आणि मग माझ्या पोटात तीच लाथ. मी तळहातावर पडले. तळहातही भाजले. दीदी तिकडे तिच्या गच्चीवर अनवाणी उभी राहिली, मी खाली जाईपर्यंत. मी म्हटलं जा, जा, तरी गेली नाही.

तीन तास नाही झाले. साडेतीनच्या सुमारास मी चक्कर येऊन पडले, मग यांनी ओढत खाली आणलं. तळपायाची साल पापडासारखी सुटली. महिनाभर घरात बसून सरकत सरकत स्वयंपाक केला. यांनी एक बाटली उजेडात धरून पाहिली, बूच ठीक दिसलं, तर म्हणाले, "वाचल्या असतील. एक दिवसानं काही होत नाही."

एक दिवसानं काही होत नाही. हे वाक्य मी नीट ऐकलं, बरं का. उजव्या कानानं.

तुझा बाप म्हणतो आजीनं नासवल्या. हव, नासवल्या. पुढची गोष्ट ही आहे. रविवारी दुपारी जेवून हे चटईवर झोपायचे, बनियन वर सरकलेलं, जानवं बाजूला, किल्ली चटईवर. मी पोळ्यांची कणीक भिजवली होती. त्यातला एक गोळा घट्ट केला, किल्ली त्यात दाबली, इकडून, तिकडून. यांचं घोरणं थांबलं तेव्हा मी गोळा पदराखाली घेतला. मग कूस बदलली, पुन्हा सुरू. तो गोळा घेऊन मी गोलबाजारात गेले. किल्लीवाला म्हणाला, "माताजी, आटे में कौन लाता है?" मी म्हटलं, "ज्याच्या घरी आटा आहे तो."

त्यानंतर वीस उन्हाळे, पोरी. वैशाख लागला की हे कारखान्यात जायचे, मी टोपली काढायची. अकराले वर, तीनले खाली. रिटायर झाल्यावर पुरानी बस्तीत पत्ते खेळायला जायला लागले, तेव्हा साडेबाराले वर, तीनले खाली. चपला घालून. पहिल्या वर्षी दर थोड्या वेळानं कठड्यावरून गल्लीत डोकावायची. नंतर मले त्याची वाट पाहायची सवय लागली. एक एक बाटली तापलेल्या सिमेंटवर ठेवताना मी मनात म्हणायची, ही कढीची. ही चौकटीची. ही आईच्या दहाव्याला जाऊ दिलं नाही त्याची. बाटल्या कमी पडायच्या.

आणि तूही होतीस त्यात, विसरलीस? मे महिन्याच्या सुट्टीत यायचीस, तर काठी घेऊन कावळे हाकलायला तुले बसवलं होतं. "आजी, ये क्या है?" मी म्हटलं, "लोणचं." तू म्हणालीस, "बोतल में?" पण आजोबांना कधी बोलली नाहीस. का बोलली नाहीस, हे मले तुले विचारायचं आहे.

काही बाटल्यांचं बूच वर सरकायचं, चिकट रस बाहेर यायचा. हे ओल्या फडक्यानं पुसायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "जिवंत आहे ही. श्वास घेते." पाहुणे माना डोलवायचे. मी चिवड्याची ताटली पुढं करायची.

शेवटच्या दिवसांत यांचं एक अंग गेलं होतं. मीच घास भरवायची, मीच पुसायची. मारायचा हात मेला होता, डावा जिवंत होता, त्यानं चिमटे काढायचे. मांडीवर, दंडावर, जिथं लुगडं झाकेल तिथं. एक दिवस जड जिभेनं म्हणाले, "एक उघड." मी समजले काय ते. जिन्याखालच्या दाराकडे बघून राहिले होते. मी त्यांच्या तोंडावरची लाळ पुसली आणि म्हटलं, "अजून मुरली नाही." त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. चार दिवसांनी गेले. समजलं होतं काय त्यांना, मले माहीत नाही. समजलं असावं, असं मले वाटते. खरं सांगू तर मले तसं वाटायला आवडते.

मग दिवाळीत तुझा बाप आला. पेटीत कापूस भरून काचेचे उंच ग्लास आणले होते, बूच काढायचं मशीन आणलं होतं. म्हणाला, "आई, इथं विकता तर येणार नाही, कायद्याची भानगड आहे. एक-एक चखकर देखते हैं. ज्या चांगल्या आहेत त्या मी घरी काचेच्या कपाटात ठेवतो. बाबांची आठवण." जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घातली. थुंकायला मले भांडं मागितलं. मी खिरीचं पातेलं दिलं.

"पहले सूँघते हैं, आई. मग तोंडात घोळवायची. मग थुंकायची."

"थुंकायचीच आहे तर घ्यायची काहून?"

हसला. मूड चांगला होता त्याचा. पहिल्या बाटलीचं बूच मशीन लावायच्या आधीच अर्धं बाहेर होतं. वास आला तो जळलेल्या गुळाचा. त्यानं तोंडात घेतली आणि थुंकली. "ये गई." दुसरी, थुंकली. तिसरी तर निव्वळ सिरका, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. चौथी, पाचवी. खिरीच्या पातेल्यात गढूळ तांबडं पाणी वाढत चाललं, चादरीवर डाग, ग्लासावर बोटांचे ठसे. बूच जोरात उपटायला लागला. कपाळावरची शीर उठली. ती शीर मले चांगली माहीत होती. मी खुर्ची थोडी मागं घेतली, सवयीनं.

अकरावी का बारावी बाटली टेबलावर आपटून म्हणाला, "किसी ने पकाया है इसको. खोलीत ऊन येते काय?"

"जिन्याखाली कुठून येईल ऊन?"

"फिर?"

"मी मुरवल्या," मी म्हटलं.

"मतलब?"

"गच्चीवर. वैशाखात. लोणच्यासारख्या."

तो हसत सुटला. उठून माझं डोकं छातीशी धरलं. "अरे आई! ये अचार थोड़ी है! बिचारी. तुले कोण सांगणार होतं?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं, नाही का? सगळं निभलं असतं. अडाणी असणं या घरात मले फार कामाला आलं आहे. तू दर दिवाळीला आली असतीस, हा किस्सा पाहुण्यांना सांगून आपण हसलो असतो. मी गप्प बसणारच होते. पण त्यानं एक ग्लास उचलला, भिंतीवरच्या फोटोकडे वळला आणि म्हणाला, "सॉरी बाबा. इसको माफ कर दो."

मले माफी! यांच्याकडून!

"मले माहीत होतं," मी म्हटलं. "उन्हानं मरते, मले पाठ होतं. त्यानंच शिकवलं. तुझ्या बापानं. तो मले गच्चीवर अनवाणी उभी करून बसला होता खुर्ची टाकून. त्यानं माझा कान फोडला. त्यानं माझं डोकं..."

"आई! बाबांना 'तो' म्हणून राहिलीस?"

बघ गं. कान फोडला हे ऐकू आलं नाही त्याले. 'तो' ऐकू आलं. जवळजवळ पन्नास वर्षं मी 'अहो, हे, त्यांनी' म्हणत मार खाल्ला. हे तुले लिहितानाही बघ, मी 'हे' आणि 'यांनी' असंच लिहून राहिली, हात वळतच नाही दुसरीकडे. त्या एका दुपारी तोंडातून 'तो' निघालं, तर माझ्या पोराच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

"झूठ. एखाद थप्पड़ सबके घर में होती है. बोलो झूठ है."

"नाही बोलणार."

त्यानं माझं मनगट धरलं. "बोलो!" आणि पिळलं. अंगठा आत, शिरेवर. तीच पकड. कोणी शिकवली नसेल त्याले, पण तीच. दुसरा हात टेबलावर होता, हातात बाटलीची मान आली.

मी मारली. त्याच्या हातावर, कोपराच्या खाली. हाडाचा आवाज आला, सुकी काटकी मोडते तसा. त्यानं मनगट सोडलं.

आता हे नीट वाच. त्यानं मनगट सोडलं होतं. तो मागं सरकला होता, हात छातीशी धरून. तेव्हा मी दुसऱ्यांदा मारली. दुसऱ्यांदा बाटली फुटली, काच त्याच्या दंडात गेली. पहिली मी वाचायला मारली. दुसरी मी मारायला मारली. आणि मले बरं वाटलं, पोरी, एक क्षण इतकं बरं वाटलं की मी घाबरले. यांना असंच बरं वाटत असेल काय, चहा घेऊन?

शेजारची दीदी आवाज ऐकून धावत आली, "का होगे, दीदी?" चादरीवर वाईन कोणती आणि रक्त कोणतं, समजत नव्हतं. तिनं तीच चादर फाडून त्याचा हात बांधला. मग माझं मनगट उजेडात धरून पाच बोटांचे वळ पाहिले, आणि त्याले म्हणाली, "ये तोर ददा के पकड़ आय, बेटा. मैं चिन्हथँव." बापाची पकड ओळखते म्हणाली. तो तेव्हा पहिल्यांदा खाली बसला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? तुझा बाप म्हणाला, "सीढ़ी से गिर गया." मी बाजूलाच उभी होते. आमचा तो जिना! दोन दिवसांनी प्लास्टर घेऊन तो गेला, आणि तिकडं जाऊन तुले जे सांगितलं ते तुले माहीत आहे.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं ते मग मी आणि दीदीनं ठरवलं. दीदी म्हणाली, नालीत ओत. मी म्हटलं नाही, वर. दोघी म्हाताऱ्या, टोपलीत घालून दहा-बारा फेऱ्या केल्या. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. पायात चपला. फोडायच्या आधी मी एक बाटली वाटीत ओतून घेतली. दीदी म्हणाली, "पियबे का?" मी म्हटलं, वीस वर्षं शिजवलं, चव तरी घेऊ. काकवी उतू जाऊन चुलीत जळते ना, तसं लागलं, मागून लोखंड. मी थुंकली नाही. वाटी पूर्ण प्याले. घसा जळत गेला.

मग घमेल्यात एक एक बाटली आडवी ठेवायची आणि खलातला बत्ता घालायचा. पहिल्या तीन-चार मी फोडल्या, मग दीदीनं बत्ता हिसकावला. प्रत्येक बाटलीले ती अशी एक शिवी द्यायची की छत्तीसगढीतली तशी शिवी मी या पाऱ्यात राहून कधी ऐकली नव्हती. काच उडून माझ्या गालाले लागली, तिच्या बोटाले लागली. गच्चीच्या मोरीतून तांबडं पाणी गल्लीत पडायला लागलं. खालून कोणी ओरडलं, "माताजी, क्या गिरा रही हो? कपड़े लाल हो गए!" दीदी वरून ओरडली, "रंग खेल रहे हैं!" दिवाळी संपून आठवडा झाला नव्हता. महिनाभर मुंग्या होत्या आणि सगळ्या पाऱ्यात सडक्या द्राक्षांचा वास. गच्चीवरचा डाग अजून आहे, धुऊन जात नाही. लोखंडी घोड्या भंगारवाल्याले दिल्या. आता त्या खोलीत कांदे आहेत.

एक बाटली आहे अजून. तुझा जन्म झाला त्या वर्षी यांनी आणली होती. तिच्या गळ्याले चिठ्ठी बांधली आहे, यांच्या अक्षरात: "नातीसाठी. लग्नात उघडणे." ती मी एकदाच वर नेली होती. गच्चीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मग यांनाच म्हटलं, नातीची बाटली माझ्याजवळ द्या, न्हाणीत थंड राहते, आणि ती तिथं माठाच्या मागं ओल्या पोत्यात ठेवली. ते म्हणाले, "आता तुले समजायला लागलं." दर दोन दिवसांनी पोतं भिजवते, अजूनही. कडेनं पाहिलं तर बूच जागच्या जागी आहे.

ती तुझी आहे. काय करायचं ते तू सांग. लग्नाबिग्नाची वाट कोणी पाहायची? चांगली निघाली तर मले राग येईल, की हे इतकं चांगलं होतं आणि यासाठी माझे पाय जाळले. खराब निघाली तरी राग येईल. दोन्ही वेळी मले तू उजव्या बाजूला बसलेली पाहिजे. मी हात उचलते काय अशी भीती वाटत असेल तर वाटू दे, मी तुले वाटू नको म्हणणार नाही. तरी ये.

बापाले पण आण, तो येत असेल तर. त्याचं प्लास्टर निघालं म्हणून ऐकलं. तो हात नीट जुळला की नाही हे मले एकदा हातात घेऊन बघायचं आहे. तो देईल काय?

वैशाखाच्या आत ये गं. नंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. तिकीट काढलंस की फोन कर, आणि त्या दिवशी तरी माझं बोलणं संपायच्या आत ठेवू नको.